दर्जाचा बाऊ

जगातलं सगळ्यात चांगलं फुटबॉल घरबसल्या दिसत असताना कोल्हापूरच्या लीगसाठी, म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर नाहीतर कोलकात्याच्या मैदानात खालच्या डिव्हिजनचा सामना बघायला रात्रभर प्रवास करून जाण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांना फुटबॉल कळत नाही असं मुळीच नाही. ते रात्री दीडचा गजर लावून चॅम्पियन्स लीग बघतात, आर्सेनलच्या राखीव खेळाडूंची नावं त्यांना पाठ असतात, एका ऑफसाइडवरून ते तासभर वाद घालू शकतात. म्हणून त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेणं बरोबर नाही. तो पूर्ण ताकदीनिशी मांडावा आणि मग त्याला उत्तर द्यावं.

आक्षेप असा. एक, खालच्या लीगमधल्या खेळाला दर्जा नाही, त्यामुळे तो बघणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. दोन, मैदानं पालथी घालत फिरण्याचा हा शौक इंग्लंड-जर्मनीतून उचललेला आहे, आपल्या मातीत त्याला मूळ नाही. तीन, भारतीय फुटबॉलचं भलं व्हायचं असेल तर ते वरून होईल. वरच्या लीगमध्ये पैसा, प्रशिक्षक आणि टीव्ही आले की हळूहळू खालपर्यंत झिरपेल. चार, छोट्या मैदानांवर शिव्या, हाणामाऱ्या आणि घाण असते. भल्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, तिथे जाऊ नये.

यातल्या चौथ्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. पहिल्या तीन मुद्द्यांचा पायाच चुकीचा आहे.

दर्जापासून सुरुवात करू. मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर जो पास सहज देतो तो गोवा प्रोफेशनल लीगमधल्या खेळाडूला क्वचितच जमेल. हे उघड आहे, त्यावर वाद नाही. पण हे माप खेळाडूंचं झालं. सामन्याचं माप वेगळं असतं. समोरासमोर आलेले दोन संघ तोलामोलाचे आहेत का, निकालावर कुणाचं काही अवलंबून आहे का, एकाने टाकलेला पेच दुसऱ्याला सुटतो का, यावर सामना रंगतो. वरच्या लीगमधला श्रीमंत संघ तळाच्या संघाला पाच गोलांनी हरवतो, तेव्हा असामान्य कौशल्य पाहायला मिळतं, पण सामना विसाव्या मिनिटालाच संपलेला असतो. खालच्या लीगमध्ये एकाच तालुक्यातले, एकाच कुवतीचे, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे दोन संघ उतरतात तेव्हा शेवटच्या शिट्टीपर्यंत काहीही होऊ शकतं. चुरस तिथे रोजची असते.

शिवाय टीव्हीवर दिसतो तो सामन्याचा चेंडूभोवतीचा तुकडा. कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, कारण त्याला जावंच लागतं. बचावाची फळी किती वर आली आहे, दोन मिडफिल्डरमध्ये किती अंतर पडलं आहे, चेंडू दूर असताना गोलरक्षक कुठे उभा आहे, हे बहुतेक वेळ चौकटीबाहेर राहतं. संपूर्ण मैदान एका नजरेत घ्यायचं असेल आणि खेळाडूंचं बोलणंही ऐकायचं असेल, तर दोरीपलीकडे उभं राहण्याला पर्याय नाही.

गोव्यात, सालसेतमधल्या एका गावच्या मैदानावर पाहिलेला पूर्वार्ध सांगते. पाहुण्यांचा उजवा विंगर चलाख होता. यजमानांचा डावा बॅक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. विंगर मुद्दाम मागे, स्वतःच्या अर्ध्या मैदानात चेंडू घ्यायला जायचा. पोरगा त्याच्यामागे ओढला जायचा. आणि त्याची जागा मोकळी झाली की पाहुण्यांचा स्ट्रायकर तिथे धावायचा. दोनदा गोल होता होता राहिला. यजमानांचा स्टॉपर पस्तिशीतला, अंगाने सुटलेला, वेग गेलेला. तो त्या पोराशी अखंड बोलत होता. ‘ताका सोड.’ ‘भितर यो.’ ‘फाटल्यान पळय.’ म्हणजे त्याला सोड, आत ये, मागे बघ. चेंडू पार दुसऱ्या टोकाला असला तरी त्याचं तोंड चालूच. अर्धा तास होऊन गेल्यावर विंगर पुन्हा मागे गेला, आणि या वेळी पोरगा त्याच्यामागे गेला नाही. त्याने दोन पावलं आत घेतली, मान वळवून मागे पाहिलं आणि स्ट्रायकरसाठी आलेला पास आरामात अडवला. स्टॉपर एक शब्द बोलला नाही. दोरीलगत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या, कारण काय घडलं ते त्यांना कळलं होतं.

एक खेळाडू माझ्या डोळ्यांसमोर शिकला. हा सामना टीव्हीवर असता तर अडवलेला पास दिसला असता. त्याआधीचा अर्धा तास दिसला नसता आणि स्टॉपरचा आवाज तर कधीच ऐकू आला नसता. फुटबॉल बघायला शिकायचं असेल तर असे अर्धे तास लागतात. ते छोट्या मैदानावर हमखास मिळतात, कारण तिथे चुका दिसतात, त्या दुरुस्त होतानाही दिसतात. वरच्या पातळीवर ही सगळी घडण आधीच होऊन गेलेली असते आणि आपल्यासमोर येतो तो तयार माल.

कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथले संघ तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या नावाने खेळतात: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या पेठेत आखाडा, त्याच पेठेचा फुटबॉल संघ. जत्रेतली कुस्ती ऑलिंपिकच्या तोडीची नाही म्हणून तिकडे पाठ फिरवणारा माणूस कोल्हापुरात सापडणार नाही. जोड तुल्यबळ आहे ना, एवढंच तिथे बघतात. राजर्षी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलं की लक्षात येतं, की इथला फुटबॉलशौकीन नुसता संघाला ओळखत नाही, घराण्यांना ओळखतो. डाव्या पायाने क्रॉस मारणाऱ्या एका पोराकडे बघून माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, ‘ह्येचा बा बी डाव्याच पायाचा हुता.’ दोन पिढ्यांचा खेळ पाहिल्यावर येणारी ही जाण आहे. स्पेनच्या लीगची आकडेवारी तोंडपाठ करून ती येत नाही.

छोट्या मैदानांची बाजू घेणारे बहुतेक लोक इथे एक हुकमी पान टाकतात: मोठे खेळाडू इथूनच वर जातात. खरं आहे. शेफिल्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडून दिलेला जेमी वार्डी इंग्लंडच्या सातव्या-आठव्या पायरीवर स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळला, मग हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुड, आणि २०१६ मध्ये लेस्टरसोबत प्रीमियर लीगचा विजेता झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. पण या मुद्द्यावर माझी बाजू उभी करावी असं मला वाटत नाही. वर जाणारा एखादाच असतो. उरलेले सगळे तिथेच खेळतात, नोकरी सांभाळून, गुडघे सांभाळून, आणि एक दिवस थांबतात. उद्याचा वार्डी सापडेल म्हणून मैदानात जाणं म्हणजे त्या उरलेल्यांच्या खेळाला किंमत नाही असं म्हणणं. त्यांचा सामना हा पूर्ण सामना आहे आणि तो त्याच्यासाठीच बघायचा असतो.

आता दुसरा मुद्दा: हे विलायती फॅड आहे. मैदानं मोजत फिरण्याची रीत इंग्लंडमध्ये पक्की झाली यात शंका नाही. तिथल्या वरच्या चार डिव्हिजनमधल्या सगळ्या ९२ क्लबांच्या मैदानांवर सामना पाहिलेल्यांचा ‘नाइंटी-टू क्लब’ १९७८ पासून आहे. त्याखाली पायऱ्यांमागून पायऱ्या असलेल्या लीग आहेत, आणि दर शनिवारी कुणीतरी अनोळखी गावाच्या स्टेशनवर उतरून मैदानाची वाट विचारत असतो. शेफिल्डजवळच्या सँडीगेट मैदानावर १८६० पासून फुटबॉल खेळलं जातंय; हॅलम नावाचा छोटा क्लब आजही तिथेच खेळतो, आणि जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून लोक ते बघायला जातात. तिथल्या छोट्या मैदानांवर कठड्याला टेकून सामना बघायचा असतो आणि हाफटाइमला घरच्या संघाचे समर्थक सगळे मिळून चालत दुसऱ्या टोकाला जातात, कारण त्यांचा संघ आता त्या गोलवर चढाई करणार असतो. ही रीत देखणी आहे, आणि आपण ती घेतली तर बिघडलं काय? फुटबॉलही तिकडूनच आलं.

पण सामन्यासाठी प्रवास करणं आपल्याला इंग्रजांनी शिकवलेलं नाही. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. तो सामना बघायला बंगालच्या गावोगावहून लोक आले, त्यांच्यासाठी जादा गाडी सोडावी लागली, हुगळीतून स्टीमर भरभरून आले. मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपसाठी देशभरातले संघ यायचे आणि त्यांच्यामागे कूपरेजवर त्या त्या प्रांतातले मुंबईकर. मलबारात आजही सात-सात खेळाडूंचे ‘सेव्हन्स’ सामने होतात; फुटबॉल महासंघाची मान्यता नसलेल्या या खेळासाठी शेतात तात्पुरत्या गॅलऱ्या बांधतात आणि शेजारच्या गावांतून हजारो माणसं येतात. आपल्याकडे जुनं हेच आहे. घरातल्या सोफ्यावर बसून लिव्हरपूलला ‘आपला संघ’ म्हणणं हे इथे केबल टीव्हीबरोबर, १९९० नंतर आलं. उसनं काय आणि मुळातलं काय, याचा हिशेब करायचाच असेल तर तो नीट करू.

आणि ज्या इंग्लंडच्या लीगचं नाव घेऊन आपल्या छोट्या मैदानांना हिणवलं जातं, ते इंग्लंड स्वतः काय करतं ते बघा. तिथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवता येत नाही. हा नियम १९६० च्या दशकातला. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्यासाठी आग्रह धरला होता, आणि कारण सरळ होतं: मोठा सामना घरी दिसला तर छोट्या क्लबच्या दारात तिकीट काढायला कोण येईल? अब्जावधी पौंडांचे टीव्हीचे करार होऊनही तो नियम त्यांनी रद्द केलेला नाही. म्हणजे शनिवारी तीनचा जो सामना आपण भारतात रात्री थेट बघतो, तो इंग्लंडमधल्या माणसाला घरी थेट दिसत नाही. आपला पिरॅमिड तळाकडून ढासळू नये म्हणून जगातली सगळ्यात श्रीमंत लीग आपल्याच देशात स्वतःवर पडदा ओढून घेते. त्या लीगचे भारतातले चाहते मात्र म्हणतात, खालच्या मैदानांवर जाण्यात अर्थ नाही. निदान तिच्याकडून एवढं तरी शिकावं.

तिसरा मुद्दा झिरपण्याचा. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि प्रत्यक्षात कुठेही सिद्ध होत नाही. पुण्याचं उदाहरण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. पुणे एफसी २००९ पासून २०१५ पर्यंत आय-लीग या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये खेळला आणि संपला. भारत एफसी एकच मोसम, २०१४-१५. डीएसके शिवाजीयन्स दोन मोसम, २०१७ नंतर नाही. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आला. बालेवाडीत परदेशी खेळाडू उतरले, नारिंगी जर्सी विकल्या गेल्या. २०१९ मध्ये ती जागा नव्या मालकांनी घेतली आणि संघ हैदराबादचा झाला. २०२५ मध्ये हैदराबादचाही संघ राहिला नाही, तो दिल्लीला गेला. दहा-पंधरा वर्षांत पुण्यात वरून चार क्लब ओतले गेले. खाली काय झिरपलं? ज्या पोराने पुणे सिटीची जर्सी घातली होती त्याला आज पाठिंबा द्यायला शहरात त्या नावाचा संघ नाही.

तिथून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर कोल्हापूर आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. तिच्या लीगला कुठल्याही उद्योगपतीने विकत घेतलेलं नाही, म्हणून कुणी ती उचलून दुसऱ्या शहरात नेऊही शकत नाही. पाटाकडील तालीम हैदराबादला जाणार नाही. ती पेठेची आहे, आणि पेठ तिथेच आहे. संघ टिकतो तो अशा ठिकाणी, जिथे त्याच्या सामन्याला येणं हा लोकांच्या आठवड्याचा भाग असतो.

गोव्याची गोष्ट याहून बोलकी आहे. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा जिंकलेला धेंपो क्लब, आय-लीग जिंकलेला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, कारण महासंघाच्या नव्या आराखड्यात त्यांची लीग दुय्यम ठरणार होती. वरचा मजला त्यांनी सोडला. मग ते खेळले कुठे? गोव्याच्या लीगमध्ये: कळंगुट असोसिएशन, कुडचड्याचा गार्डियन एंजल, पॅक्स ऑफ नागोवा अशा गावच्या संघांसमोर. ही लीग होती म्हणून धेंपो जिवंत राहिला आणि २०२४ मध्ये खालच्या राष्ट्रीय डिव्हिजनमधून पुन्हा आय-लीगमध्ये चढला. वर जाण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या तेव्हा खालच्या जमिनीने त्याला उभं राहू दिलं.

जुलै २०२५ मध्ये तर देशाची सगळ्यात वरची लीगच थांबली. करार संपत आला होता, नवा झाला नव्हता, म्हणून सुपर लीगचा मोसम अनिश्चित काळ पुढे ढकलला गेला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. त्याच पावसाळ्यात कोलकात्याची लीग चिखलात खेळली जात होती. १८९८ ला सुरू झालेल्या त्या लीगला त्या कराराशी काही देणंघेणं नव्हतं. झिरपण्याची वाट बघणाऱ्यांनी या एका पावसाळ्याचा तरी विचार करावा. वरची टाकीच कोरडी पडली तर काय झिरपणार?

इंग्लंडमध्येही पैसा वर साचला आणि खाली क्लब मेले. बरी हा १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ असा दोनदा एफए कप जिंकलेला. १९०३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी डर्बीला ६-० हरवलं होतं. २०१८ च्या डिसेंबरात क्लबची मालकी एका पौंडाला विकली गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये पैशाची हमी देता आली नाही म्हणून लीगने त्यांना काढून टाकलं. मँचेस्टरपासून हाकेच्या अंतरावर, जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी दोन शेजारी असताना, हे घडलं. एक थेंबही झिरपला नाही. क्लब पुन्हा उभा केला तो समर्थकांनी: मैदान परत मिळवलं, भांडणं मिटवली, आणि २०२३ मध्ये बरीचा संघ पार खालच्या पायरीवरून पुन्हा आपल्या गिग लेन मैदानावर उतरला. विम्बल्डनचंही तसंच. २००२ मध्ये त्यांचा क्लब दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी मिळाली तेव्हा समर्थकांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, तळातल्या लीगपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले. त्या पहिल्या वर्षी ‘दर्जा नाही’ म्हणून सगळे घरी बसले असते तर आज तो क्लब नसता.

छोट्या क्लबला एका तिकिटाचा अर्थ काय असतो तेही बघा. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबला एफए कपमध्ये टॉटनहॅमसमोर खेळायची संधी मिळाली. कोविडमुळे मैदानात प्रेक्षकांना बंदी होती. क्लबने दहा पौंडांची नुसती नावापुरती तिकिटं विक्रीला काढली, ज्यांवर कुणालाही आत जाता येणार नव्हतं. ती तीस हजारांहून जास्त गेली. मरीन ०-५ हरला, पण क्लबला मोठा आधार मिळाला. मोठ्या क्लबच्या हिशेबात प्रेक्षकाचं तिकीट टीव्हीच्या पैशापुढे बारीक आकडा असतं; छोट्या क्लबमध्ये त्या तिकिटातून पंचांचं मानधन, चेंडू आणि मैदानावर मारायची फक्की येते. माझं जाणं कुठे उपयोगी पडतं, हे कळायला एवढं पुरे.

राहिला चौथा मुद्दा, खरा मुद्दा. कोल्हापुरात हुल्लडबाजी होते. सामना संपल्यावर दगड-बाटल्या पडतात, पेठा एकमेकांना भिडतात, स्पर्धा मध्येच थांबवाव्या लागतात. ज्यांचं या फुटबॉलवर प्रेम आहे त्यांनीच हे आधी आणि मोठ्याने बोललं पाहिजे. ‘ईर्षा आहे म्हणून होतं’ असं म्हणून त्यावर पांघरूण घालणारे कोल्हापूरच्या फुटबॉलचे शत्रू आहेत. पण हिंसा हा खालच्या लीगचा गुण आहे हे मात्र खोटं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षक मेले, ते मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या लढतीत. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर ९७ जणांचा जीव गेला, तो एफए कपच्या उपांत्य सामन्यात. धोका येतो तो गर्दीच्या नियोजनात बेफिकिरी केल्याने, प्रेक्षकाला गुरासारखं कोंबल्याने. लीगची पायरी त्याला कारण नसते.

आणि उपाय काय? भल्या माणसांनी घरी बसणं हा उपाय असू शकत नाही, कारण भली माणसं उठून गेली की गॅलरी उरते ती दगड मारणाऱ्यांच्या ताब्यात. बाहेरगावाहून आलेला प्रेक्षक इथे कामाचा ठरतो. त्याला कुठल्याच पेठेचा मान राखायचा नसतो. तो दोन्ही बाजूंच्या चांगल्या खेळाला टाळी देतो. काय चाललंय ते तो गावाबाहेर सांगतो. अशी माणसं गॅलरीत जितकी जास्त, तितकी दंगेखोरांची सोय कमी.

बाई म्हणून मी याबद्दल आणखी स्पष्ट बोलते. शिव्यांनी मी मैदान सोडलेलं नाही. मैदान सोडावं असं वाटलं ते एका जिल्ह्याच्या सामन्यात, जिथे बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे आयोजकांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी रात्रभराचा प्रवास करून पोचल्यावर कळलं की सामना आदल्या दिवशीच उरकला. तारीख बदलल्याचं कुठेही जाहीर केलेलं नव्हतं. प्रेक्षक येत नाहीत म्हणून रडणाऱ्या संघटनांना माझं सांगणं आहे: वेळापत्रक आठवडाभर आधी जाहीर करा आणि पाळा. बायकांसाठी स्वच्छ, उघडं स्वच्छतागृह ठेवा. पिण्याचं पाणी आणि गॅलरीच्या एका भागावर सावली द्या. संघांच्या याद्या फळ्यावर लिहा, म्हणजे परक्याला खेळाडूंची नावं कळतील. यातल्या कशालाच परदेशी प्रशिक्षकाइतका खर्च येत नाही. हे न करता प्रेक्षकाला दोष देण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि हे होत नाही म्हणून मैदानच बाद ठरवण्याचा अधिकार घरी बसलेल्यांनाही नाही. तक्रार करायची तर तिकीट काढून करावी. ती ऐकावी लागते.

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. छोटं मैदान म्हणजे गोड, जुनं, निरागस काहीतरी, अशा भावनेने जाऊ नका. मोडक्या बाकाचा फोटो काढून, वहीत आणखी एका मैदानाची नोंद करून हाफटाइमला निघून जाणारा प्रवासी त्या सामन्याचा अपमान करतो. आतले बावीस जण गंभीरपणे खेळत असतात. त्यांना आपल्या कौतुकमिश्रित दयेची गरज नाही. त्यांच्या खेळाकडे तेवढ्याच गंभीरपणे बघणारे डोळे हवे असतात. चुकीला चूक म्हणा, रटाळ सामन्याला रटाळ म्हणा. गोलरक्षक वाईट होता तर वाईट होता. मँचेस्टर सिटीच्या गोलरक्षकावर आपण जशी टीका करतो तशी त्याच्यावर करणं, हाच त्याचा मान आहे.

माझी वरच्या फुटबॉलशी दुष्मनी नाही. मीही ते बघते आणि त्यातून आनंद मिळवते. पण एकच गोष्ट बघून दुसरीला कमी लेखणं हे प्रेम नव्हे. ज्याला फुटबॉल आवडतं असं तो म्हणतो, त्याच्या घरापासून फार तर एका रात्रीच्या अंतरावर कुठेतरी लीग चालू आहे. मुंबईकराला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसून सकाळी कोल्हापुरात उतरता येतं. कोकण रेल्वेने थिवीला उतरलं की म्हापसा जवळ आहे. खर्च एका ब्रँडेड जर्सीपेक्षा कमी येतो.

म्हणून दर्जाचा मुद्दा काढणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचं मत तुम्ही न बघितलेल्या सामन्यांबद्दल आहे, आणि न बघता दिलेल्या मताला कुठल्याही खेळात किंमत नसते. या मोसमात एकदा तिकीट काढा, दोरीपाशी किंवा गॅलरीत उभे राहा, नव्वद मिनिटं पूर्ण बघा, खेळाडूंची नावं विचारून घ्या. त्यानंतरही तुम्ही म्हणालात की यात बघण्यासारखं काही नाही, तर आपण पुन्हा वाद घालू. तोवर कोल्हापूर, म्हापसा आणि कोलकात्याच्या मैदानांचा दर्जा ठरवण्याचा हक्क तिथे उन्हात उभ्या राहिलेल्या लोकांचा आहे.